फासीगार लंडनला कसा पोहोचला? पल्प कथांमधील खलनायक आणि त्यांचा वंश

धागाकर्ती: पानगळ

गेले चार महिने मी सॅक्स रोमर या इंग्रज लेखकाच्या 1913 सालच्या ‘द मिस्टरी ऑफ डॉ. फू मांचू’ या कादंबरीचा मराठी अनुवाद करीत आहे. लेखकाचे निधन 1959 मध्ये झाले. आपल्याकडील कॉपीराइट कायद्याची, मृत्यूनंतरच्या साठ वर्षांची मुदत उलटून गेली असल्याने पुस्तक अनुवादासाठी मोकळे आहे. काम हाती घेतले तेव्हा अडचण येईल ती शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजीची, असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात माझे काम अडले ते एका शब्दापाशी, आणि तो शब्द मुळात इंग्रजी नव्हताच. लंडनमध्ये घडणाऱ्या, चिनी खलनायकाच्या या गोष्टीत एका ठिकाणी नायक आपल्या मित्राला सांगतो की हा मारेकरी ‘फासीगार’, म्हणजे फासाने गळा आवळणारा ठग आहे, आणि फू मांचूच्या पदरी डकैत आहेत म्हटल्यावर ठगही असणार, हे आपल्या आधीच लक्षात यायला हवे होते. आपल्या ‘फास’ या शब्दाच्या घरातला हा शब्द थेम्स नदीच्या काठी, एका चिनी डॉक्टरच्या नोकरीत, रोमन लिपीत उभा होता. मी त्या दिवशी पुढचे पान उलटले नाही.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही, त्यांच्यासाठी तिची जडणघडण थोडक्यात सांगते. कथेचा पहिला भाग ऑक्टोबर 1912 मध्ये ‘द स्टोरी-टेलर’ या लंडनच्या मासिकात आला. त्यातला पहिला खून असा होतो की, एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याला एक पाकीट येते, त्या पाकिटाला एका दुर्मीळ सुगंधाचा लेप दिलेला असतो आणि त्या वासाच्या मागावर एक विषारी गोम खोलीत उतरते. गोम सोडणारा माणूस ब्रह्मदेशातला डकैत असतो. त्याला नाव नाही, संवाद नाही, घरदार नाही. तो भिंतीवर चढतो, काम उरकतो आणि अंधारात नाहीसा होतो. त्याचा धनी फू मांचू मात्र कमालीचा विद्वान आहे. रोमर त्याचे वर्णन करतो ते शेक्सपिअरचे कपाळ आणि सैतानाचा चेहरा असलेला, उंच, मांजरासारखा माणूस म्हणून. एका संपूर्ण क्रूर वंशाचे कपट ज्याच्या एकट्याच्या बुद्धीत साठले आहे आणि जुन्या-नव्या साऱ्या विज्ञानाची साधने ज्याच्या हाताशी आहेत, असा माणूस म्हणून.

या वर्णनातील ‘एका संपूर्ण वंशाचे कपट’ हे शब्द मला फार महत्त्वाचे वाटतात. खलनायकाला सूड घ्यायचा असतो, त्याला पैसा हवा असतो, त्याचे कोणी काही लुटलेले असते, म्हणजेच त्याच्या वागण्याला कारण असते. कारण शोधायला लेखकाला कष्ट पडतात, पाने खर्च करावी लागतात. रोमरने कारणाच्या जागी वंश ठेवला आणि काम भागवले. फू मांचू दुष्ट का, या प्रश्नाचे पुस्तकातले खरे उत्तर ‘तो चिनी आहे’ एवढेच आहे. एकदा हे उत्तर चालून गेले, की दर महिन्याला नवी गोष्ट लिहिणे सोपे होते.

पल्प मासिकांच्या धंद्याला हे नेमके पथ्यावर पडणारे होते. 1896 मध्ये अमेरिकेत फ्रँक मन्सी यांनी ‘आर्गसी’ हे मासिक लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या अगदी स्वस्त कागदावर छापायला सुरुवात केली, आणि त्या लगद्यावरूनच या साऱ्या प्रकाराला पल्प हे नाव पडले. अंकाची किंमत दहा सेंट असे, पाने भरपूर असत आणि लेखकाला शब्दाच्या हिशेबाने, बहुतेकदा शब्दाला एखादा सेंट, असे पैसे मिळत. अशा लेखकाला पात्र घडवायला वेळ नसतो. वाचकाच्या मनात आधीपासून तयार असलेले चित्र एका विशेषणात जागे करता आले, तर त्याचा दिवस वाचतो. तिरके डोळे, लांब नखे, रेशमी झगा, अफूचा धूर एवढे लिहिले की पुढचे वाचकच पूर्ण करीत असे. रोमरचे लेखन प्रत्यक्षात पल्प मासिकांच्या थोडे वरच्या दर्जाच्या अंकांत आले, पण त्याने पाडलेला साचा पल्प मासिकांनी घाऊक प्रमाणात वापरला. 1935 मध्ये वू फँग नावाच्या, तर 1936 मध्ये येन सिन नावाच्या चिनी खलनायकाच्या नावाने स्वतंत्र मासिकेच निघाली. त्यांपैकी पहिले सात अंकांत आणि दुसरे तीन अंकांत बंद पडले, पण तोवर हा चेहरा सर्वांच्या ओळखीचा झाला होता.

वाचकाच्या मनातले ते चित्र रोमरने निर्माण केले नव्हते. 1895 मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने हेर्मान क्नाकफुस या चित्रकाराकडून एक चित्र करवून घेतले होते, ज्यात पूर्वेकडून येणाऱ्या संकटाविरुद्ध युरोपातील राष्ट्रे देवदूताच्या मागे उभी आहेत. 1898 मध्ये एम. पी. शील यांची ‘द यलो डेंजर’ ही कादंबरी आली आणि 1900 मध्ये चीनमधील परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडाच्या बातम्यांनी वृत्तपत्रे भरून गेली. अमेरिकेत तर 1882 पासूनच चिनी मजुरांना देशात येण्यास बंदी घालणारा कायदा लागू होता. याच्या तुलनेत लंडनच्या लाइमहाऊस भागातील खरी चिनी वस्ती पाहावी. तिथे काहीशे माणसे राहत होती. त्यांत बहुतेक खलाशी आणि धोबीखाने किंवा खाणावळी चालवणारे लोक होते. त्यांच्या दोन-तीन रस्त्यांवर एका जागतिक कटाचे मुख्यालय उभे केले गेले.

आणि अफूची गोष्ट. या कादंबरीत अफूचा अड्डा येतो आणि त्याचा धूर चिनी दुष्टपणाची खूण म्हणून वापरला जातो. अनुवाद करताना मला हे वाचणे जड गेले, कारण चीनमध्ये अफू पोहोचली ती आपल्या भूमीतून. बंगालची अफू कलकत्त्याहून आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातून कंपनीच्या काळात तिकडे जात असे. चीनने ती अडवली म्हणून 1839 ते 1842 चे युद्ध त्याच्यावर लादले गेले, आणि 1856 ते 1860 मध्ये दुसरे. मुंबईतील कित्येक मोठ्या देणग्या आणि इमारती या व्यापारातील पैशावर उभ्या राहिल्या. म्हणजे ज्यांना बंदुकीच्या धाकाने अफू घ्यायला लावली, त्यांनाच सत्तर वर्षांनंतर अफूचे सैतान म्हणून रंगवले गेले, आणि या साखळीत आपले बंदरही आहे.

आता माझा प्रश्न. अनुवादात या शब्दांचे काय करावे? पूर्वेकडील लोकांच्या या भीतीला इंग्रजीत ‘यलो पेरिल’ म्हणत. त्यासाठी ‘पीतसंकट’ असा शब्द योजला तर त्याला नको ती प्रतिष्ठा मिळते, ‘पिवळा धोका’ म्हटले तर तो रस्त्यावरच्या पाटीसारखा वाटतो. वर्णने सौम्य केली तर वाचकाची फसवणूक होते आणि जशीच्या तशी ठेवली तर तेच विष मी माझ्या हाताने मराठीत आणते. जाणकारांनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद: जुना वाचक

लेख मनापासून आवडला, तरीही एक मुद्दा मांडतो. मी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधले झुंजार आणि काळापहाड वाचत वाढलो आणि पुढे इंग्रजी रहस्यकथांकडे वळलो. या साऱ्या वाङ्मयाचा वाचक दिवसभराच्या कामाने थकलेला असतो आणि त्याला दोन तासांची सुटका हवी असते. खलनायक परका असणे ही गोष्टीची फार जुनी रीत आहे. होम्सच्या 1890 सालच्या ‘द साइन ऑफ फोर’मध्येही अंदमानचा टोंगा विषारी बाण फुंकतो. शंभर वर्षांपूर्वीच्या लेखकाला आजच्या मापाने मोजणे मला न्याय्य वाटत नाही. त्या काळात या गोष्टी कोणाला खटकतच नव्हत्या, तर दोष एकट्या लेखकाला का द्यावा?

प्रतिसाद: पानगळ

आपला मुद्दा मी टाळू इच्छित नाही, कारण अनुवाद करताना मीही स्वतःला हेच विचारले आहे. मात्र ‘कोणाला खटकत नव्हते’ हे खरे नाही. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधील धर्मगुरू आणि स्वतः रहस्यकथाकार होते. त्यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, त्यांत कथेत चिनी माणूस नसावा असा एक नियम होता. आज तो नियमच वंशद्वेषी वाटतो, पण त्यांचे स्पष्टीकरण वाचले की उलगडा होतो. चिनी माणसाला बुद्धी फाजील आणि नीती तोकडी असे गृहीत धरण्याची आपणा पाश्चात्त्यांना सवय जडली आहे, हे त्यांनीच लिहून ठेवले, आणि पुस्तक चाळताना कुणा चिनी पात्राच्या फटीसारख्या डोळ्यांचा उल्लेख दिसला तर ते सरळ खाली ठेवावे, कारण ते वाईटच असणार, असेही सुचवले. म्हणजे सोळा-सतरा वर्षांतच हा साचा इतका झिजला होता की त्याच धंद्यातल्या माणसाला त्याचा वीट आला.

टोंगाबद्दल एवढेच सांगते की, त्या कादंबरीत होम्स एका भौगोलिक कोशातून अंदमानी लोकांचे वर्णन वाचून दाखवतो, आणि ते कोशातले असल्यामुळे वाचकाला ते ज्ञान वाटते. ज्या बेटांवरील ग्रेट अंदमानी लोक वसाहतीबरोबर आलेल्या रोगांनी आणि हिंसेने हजारोंवरून काही डझनांवर आले, त्यांना वाचकाने प्रथम ओळखले ते विषारी बाण मारणारे म्हणून.

प्रतिसाद: हडसनकाठ

मी न्यू जर्सीत पंचवीस वर्षे राहते. ‘परिणाम आज कुठे दिसतो’ या बाजूने थोडी भर घालते.

माझा मुलगा कॉमिक्स गोळा करतो. त्याच्याकडे 1937 सालच्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठाची प्रतिकृती आहे. ज्या नावाची आद्याक्षरे पुढे डीसी या कंपनीचे नाव झाली, तेच हे मासिक. त्या मुखपृष्ठावर कोणी नायक नाही. फू मांचूच्या वळणाचा एक प्रचंड चिनी चेहरा आहे. त्याआधी 1934 मध्ये ‘फ्लॅश गॉर्डन’ या चित्रमालिकेत मिंग नावाचा निर्दय सम्राट आला. तो दुसऱ्या ग्रहावर राहतो, पण त्याच्या ग्रहाचे नाव मोंगो आहे आणि पोशाख, मिशा, नखे सगळे लाइमहाऊसमधूनच उचललेले आहे. पृथ्वी सोडली तरी साचा सुटला नाही. 1973 मध्ये मार्व्हलने शांग-ची हा चिनी नायक आणला, तेव्हा त्याचा बाप म्हणून हक्क विकत घेऊन चक्क फू मांचूलाच बसवले. पुढे ते हक्क राहिले नाहीत आणि बापाचे नाव बदलावे लागले. 2021 च्या चित्रपटात टोनी लिउंग यांनी ती भूमिका केली, आणि तिथे प्रथमच त्या बापाला बायको गमावल्याचे दुःख, म्हणजे आपण म्हणता ते ‘कारण’, मिळाले. त्या प्रसंगी माझ्या शेजारी बसलेली एक चिनी वंशाची आजी रडत होती, हे मी विसरणार नाही.

पडद्यावरचा फू मांचू बहुतेक वेळा गोऱ्या नटांनीच केला. 1929 मध्ये वॉर्नर ओलँड हे स्वीडनमध्ये जन्मलेले नट होते, 1965 पासून पाच चित्रपटांत ख्रिस्तोफर ली होते. 1932 मधील बोरिस कार्लोफ यांचे मूळ नाव विल्यम हेन्री प्रॅट आणि त्यांच्या घराण्याची मुळे ब्रिटिश हिंदुस्थानात होती. अॅना मे वाँग यांच्यासारख्या चिनी वंशाच्या गुणी अभिनेत्रीच्या वाट्याला त्याच काळात फू मांचूच्या मुलीची भूमिका आली.

एक घरचा अनुभव सांगते. माझी मोठी मुलगी सातवीत असताना तिच्या वर्गातल्या मुलांनी डब्यातली भरली वांगी पाहून, हा माकडाचा मेंदू आहे का, असे विचारले. आदल्या आठवड्यात त्यांनी इंडियाना जोन्सचा 1984 चा चित्रपट पाहिला होता, ज्यात अमरीश पुरी ठगांचे पुरोहित होतात आणि मेजवानीत माकडाचा मेंदू वाढला जातो. भारत सरकारने पटकथेवर आक्षेप घेतला म्हणून त्याचे चित्रीकरण श्रीलंकेत झाले होते. मुलीने त्यानंतर वर्षभर डब्यात फक्त सँडविच नेले. चेष्टा करणारी मुले दुष्ट नव्हती. त्यांना जे दाखवले गेले तेच त्यांनी विचारले.

प्रतिसाद: भीमाकाठ

मी सोलापूरचा. आमच्या शहरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे, म्हणजे ब्रिटिशांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची बंदिस्त वसाहत, आणि माझे आजोबा तिथे तारेच्या कुंपणाच्या आत जन्मले. म्हणून ‘फासीगार’ या शब्दाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

लंडनच्या गोष्टीत हा शब्द पोहोचला त्यामागे सुमारे ऐंशी वर्षांचे लेखन आहे. विल्यम स्लीमन यांनी 1830 च्या दशकात ठगांविरुद्ध मोहीम चालवली, तिचा मोठा आधार माफीच्या साक्षीदारांचे जबाब हा होता. जीव वाचवण्यासाठी बोलणारा माणूस साहेबाला हवे ते सांगतो, हे कोणत्याही कोर्टातल्या कारकुनाला ठाऊक असते. त्या जबाबांतून देवीसाठी खून करणाऱ्या पिढीजात पंथाचे चित्र उभे राहिले. वाटमारी आणि प्रवाशांचे खून होत होते, हे खरे आहे. त्यामागे एक देशव्यापी धर्मपंथ होता, हे मात्र आज अनेक इतिहासकार मान्य करीत नाहीत. 1836 च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरवला, मग ते कायद्याच्या आधीचे असो वा नंतरचे. ठग म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात नव्हती. 1839 मध्ये निजामाच्या चाकरीतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी आली. तिच्यात अमीर अली नावाचा ठग साहेबासमोर आपली कहाणी सांगतो आणि ती इंग्लंडात प्रचंड खपली. तिथपासून ठग हा इंग्रजी वाचकाच्या ओळखीचा झाला आणि रोमरला तो आयता मिळाला.

पण आमच्या घराला त्याची झळ लागली ती पुढच्या पायरीवर. 1871 मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा उत्तरेत आला आणि 1911 च्या कायद्याने मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. या कायद्याने माणूस काय करतो याच्याऐवजी तो कोणत्या जमातीत जन्मला हे पाहिले. पानगळ ताई, आपण म्हणालात की रोमरने कारणाच्या जागी वंश ठेवला. सरकारने पुराव्याच्या जागी जमात ठेवली. आजोबा सांगत की हजेरीच्या वेळेला ताप असला तरी उठून जावे लागे, आणि परगावी लग्नाला जायचे तर पास घ्यावा लागे. आजीच्या माहेरी वडील वारले तेव्हा पास मिळेपर्यंत तिसरा दिवस उलटला होता.

1949 मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा रद्द झाला आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर. तो दिवस आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे मागाहून आलेच, आणि चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते हे कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी पाहता येईल. लक्ष्मण गायकवाडांनी 1987 मध्ये ‘उचल्या’ लिहिले, तेव्हा कुठे त्या नावाने हिणवला गेलेला माणूस मराठीत स्वतःच्या तोंडाने बोलला.

‘जुना वाचक’ काकांना एवढेच विचारतो की, आपण वाचलेल्या रहस्यकथांत पारधी किंवा कैकाडी पात्र कधी आले होते का, आणि आले असेल तर कोणत्या कामासाठी?

प्रतिसाद: जुना वाचक

प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबलो. नावे आता आठवत नाहीत, पण आठवतात ती पात्रे पाळत ठेवणारी, कुलूप फोडणारी, रात्री येणारी आहेत. एकही पात्र दिवसाउजेडी घरी जेवताना आठवत नाही. त्या काळात हे कोणाला खटकत नव्हते, हे माझे म्हणणे मी मागे घेतो. दोन तासांची सुटका कोणाच्या जिवावर मिळत होती, याचा हिशेब मी केला नव्हता.

आणखी एक आठवण देतो. 1939 मध्ये ‘गंगादीन’ हा हॉलिवूडचा चित्रपट आला, त्यातही ठगांचा गुरू हाच खलनायक होता. मुंबईतील ‘फिल्मइंडिया’ मासिकाने त्यावर कडाडून टीका केली होती. म्हणजे आपल्याकडेही हे त्याच काळात खटकले होते.

प्रतिसाद: पानगळ

भीमाकाठ, आपल्या आजींच्या त्या तीन दिवसांबद्दल वाचून मला काय लिहावे ते सुचेना. आपण ते इथे लिहिलेत, याबद्दल मी ऋणी आहे.

पुण्यात माझ्या इमारतीत मणिपूरच्या दोन मुली भाड्याने राहतात. भाजी आणायला खाली उतरल्या की कोपऱ्यावरून ‘चिंकी’ अशी हाक येते. ती मारणाऱ्या मुलांनी रोमर वाचलेला नाही आणि तो शब्द थेट त्याच्याकडून आला असे मी म्हणणार नाही. पण डोळ्यांच्या ठेवणीवरून माणूस परका ठरवायचा, ही रीत तीच आहे. माझा अनुवाद त्या मुलींच्या हाती पडला तर त्यांना तो वाचता यावा, ही माझी कसोटी आता ठरली आहे.

त्यामुळे मी असे ठरवते आहे की वर्णने सौम्य करायची नाहीत. ‘यलो पेरिल’साठी ‘पिवळे संकट’ असा साधा शब्द, प्रत्येक वेळी अवतरणात. प्रस्तावनेत अफूचा आणि मुंबई बंदराचा इतिहास सविस्तर, कारण तो भाग आपला आहे. प्रश्न उरतो तो ‘फासीगार’चा. तिथे ‘गळा आवळणारा’ असे लिहून मोकळे व्हावे, असे एकदा मनात आले होते.

प्रतिसाद: भीमाकाठ

‘फासीगार’ तसाच ठेवावा. तो आपल्याकडून गेलेला शब्द आहे, तो ओळखीच्या रूपातच परत यावा. फक्त त्याच पानावर तळटीप द्यावी आणि तिच्यात 1836, 1871 आणि 31 ऑगस्ट 1952 ही तिन्ही सालांची नोंद असावी. आजोबांकडे हजेरीचा एक जुना कागद होता, तो चुलत्यांच्या घरी आहे. रविवारी जाऊन त्याचे छायाचित्र काढतो आणि आपल्याला पाठवतो.